वन्संच्या गच्चीवरची परात

३ मार्च, सोमवार

टाकी पाडणार!

पालिकेचा शिपाई सकाळीच दुकानात कागद ठेवून गेला. मी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते, तशीच भिंगातून वाचला. अक्षरं हत्तीएवढी दिसली. 'जुनी पाण्याची टाकी धोकादायक झाली असून एकतीस तारखेस पाडण्यात येईल. तीवरील आपली उपकरणे तत्पूर्वी काढून न्यावीत.'

उपकरणे म्हणे! आमची मुख्य अँटेना आहे ती. खालच्या गावातली दोनशे चाळीस घरं आणि टेकडीवरची वरची वस्ती — सगळ्यांचं इंटरनेट त्या एका टाकीच्या डोक्यावरून जातं. मोठ्या कंपनीनं 'एवढ्याशा गावासाठी कोण तार ओढणार' म्हणून हात झटकले, तेव्हा आम्ही सात जणांनी मिळून हे जाळं विणलं. नावही तेच, 'आपलं जाळं'. ज्या घरी जोडणी, ते घर मालक. मी चिटणीस. म्हणजे कुणाचंही बंद पडलं की शिव्यांची धनी मी.

त्या गडबडीत घड्याळाचा मिनिटकाटा चिमट्यातून उडाला. दोन तास रांगत शोधला. नाहीच.

४ मार्च, मंगळवार

काटा सापडला. माझ्याच बुटात! दिवसभर पायाला काय टोचतंय म्हणून वैतागले होते.

६ मार्च, गुरुवार

वाचनालयात बैठक. अध्यक्ष पोस्टमास्तर — निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बोलताना अजून प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखं टेबल ठोकतात. 'टाकी जाणार! ठक! जागा शोधा! ठक!'

शोधणार कोण? खारूताई. गावची इलेक्ट्रिशियन. पक्कड दातात धरून खांबावर सरसर चढते म्हणून हे नाव पडलं, आता बिलाच्या पावतीवर सहीसुद्धा तीच करते. ती म्हणाली, 'मास्तर, आपल्याला अशी उंच जागा पाहिजे की जिथून खालचं गावही दिसेल आणि वरची वस्तीही. अँटेना एकमेकींना दिसल्या तर बोलतात. नाही दिसल्या तर नाही.'

सरळ जात आहे अँटेनांची. माणसं समोरासमोर दिसली तरी बोलत नाहीत.

९ मार्च, रविवार

खारूताई दोन दिवस दुर्बीण गळ्यात अडकवून गावभर फिरली. गिरणीची चिमणी उंच, पण भेगाळलेली. शाळेसमोर झाडं. सिनेमागृह बुटकं. शेवटी आज दुपारी दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, 'एकच जागा आहे. चढावरचं पिवळं तीन मजली घर. त्या गच्चीवरून सगळं जग दिसतं.'

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मास्तर तिथेच होते, ते चष्मा पुसायला लागले.

'काय झालं?' खारूताई म्हणाली. ती या गावात सहा वर्षांपूर्वी आली, तिला काय माहीत!

'ते यांच्या नणंदबाईंचं घर आहे,' मास्तर म्हणाले. या वेळी टेबल ठोकलं नाही.

लिहूनच टाकते एकदा. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. वन्सं तेव्हा दोन तासांवरच्या गावी मुख्याध्यापिका होत्या. वादळानं फोनची लाइन मेलेली. मी तरी नंबर फिरवत राहिले — चौदा वेळा, पंधरा वेळा. शेवटी चिठ्ठी लिहिली, 'आईंचं काही खरं नाही, लगेच निघा', आणि पहाटेच्या दूधगाडीवाल्याजवळ दिली. वन्सं दुसऱ्या दिवशी आल्या. सगळं आटोपलं होतं. भरल्या घरात, सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, 'हिनं मला मुद्दाम उशिरा कळवलं.'

त्यानंतर एक शब्द नाही. निवृत्त होऊन या गावात येऊन राहिल्या, तरी नाही. बाजारात मी दिसले की त्या भाजी न घेता वळतात.

लोकांना वाटतं मला यंत्रांची हौस म्हणून मी हे जाळं उभं केलं. मी कुणाला सांगत नाही. पण तो मेलेला फोन अजून कानाला लागलेला आहे.

१० मार्च, सोमवार

ह्यांना सांगितलं. हे भट्टीवरून नुकतेच आलेले, भुवयांवर पीठ. म्हणाले, 'तू जाऊन बघ ना ताईकडे.'

'तुम्ही का नाही विचारत? दर दुसऱ्या रविवारी जाताच की.'

भुवया पुसणारा हात जागच्या जागी थांबला. 'मी? मी तर केस कापायला जातो.'

वन्सं या गावात आल्यापासून हा माणूस पंधरवड्याला एकदा केस कापायला जातो. काखेत ताजा पाव घेऊन. डोक्यावर केस किती? मोजून चौदा! मी आजवर काही बोलले नव्हते. आज म्हटलं, 'न्हाव्याला पाव आवडतो वाटतं?' कानापर्यंत लाल झाले. मग दोघंही इतके हसलो की चहा उतू गेला.

पण विचारायला मात्र मलाच पाठवणार. शूर पुरुष!

११ मार्च, मंगळवार

गेले. घंटा बंद होती म्हणून दार ठोठावलं. वन्संनी दार उघडलं, अर्धंच. केस पूर्ण पांढरे झालेत. पाठ मात्र अजून पट्टीसारखी ताठ.

'काय?'

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. टाकी, अँटेना, एकतीस तारीख — उलटसुलट काहीतरी सांगितलं.

'म्हणजे अकरा वर्षांनी आलीस ती माझ्यासाठी नाही. गच्चीसाठी आलीस.'

'वन्सं, वरच्या वस्तीत —'

'तुमची ती परात माझ्या डोक्यावर नको.' दार बंद.

येताना उतारावर रडू येईल असं वाटलं होतं. पण आठवलं — माझ्याशी बोलल्या की! दोन पूर्ण वाक्यं आणि एक नकार. अकरा वर्षांतला विक्रम.

१३ मार्च, गुरुवार

वरच्या वस्तीच्या नर्सबाईंचा फोन. त्यांच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या इस्पितळातले डॉक्टर पडद्यावरूनच रोगी तपासतात. 'एकतीसनंतर काय करू? दोघींचे दिवस भरत आलेत. एका आजोबांचं हृदय रोज बघावं लागतं. त्यांना खाटेवर घालून टेकडी उतरवायची का?'

'होईल सोय,' मी म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

१५ मार्च, शनिवार

खारूताई ती खारूताईच! मला न सांगता वन्संकडे गेली. 'तुमची घंटा बंद आहे म्हणून कळलं, दुरुस्त करायला आले.' घंटा झाली. मग जिन्यातला दिवा. मग पंख्याची कुरकुर. पंखा होईस्तोवर वन्संनी दोनदा चहा केला, आणि निघताना म्हणाल्या, 'तिला सांग, गच्ची बघायला ये. बघायला. बसवायला नव्हे.'

उद्या जाते. फक्त बघायला!

१७ मार्च, सोमवार

हे मी वन्संच्या घरी, वन्संच्या बाहेरच्या खोलीत, वन्संच्या खाटेवर आडवी पडून लिहीत आहे. माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

काल गच्ची बघितली. काय जागा आहे! खाली गावाची कौलं, वर वस्तीतला दवाखाना — मध्ये एक पानसुद्धा आड येत नाही. हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्याच तंद्रीत जिना उतरताना शेवटची पायरी हुकली. घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे तारे. सगळ्यात वाईट म्हणजे पडताना वन्संची फुलझाडाची कुंडी घेऊन पडले.

डॉक्टर आले. 'हाड शाबूत आहे. पण आठवडाभर पाय टेकायचा नाही. जिना तर नाहीच.' आमचं घर दुकानाच्या वर, जिना शिडीसारखा उभा. ह्यांनी डोकं खाजवलं — ते चौदा केस! तेवढ्यात आतून वन्संचा आवाज, 'राहील इथेच. मी काय तिला खाणार आहे?'

आज हे ही वही आणि माझे कपडे देऊन गेले. आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. भट्टीत दोन पाव एकमेकांना चिकटून फुगताहेत की काय, असं बघतात ना, तसं.

१८ मार्च, मंगळवार

शिस्त! सहाला पडदे उघडतात. साडेसहाला चहा. उशीला टेकून बसलं तर 'पाठ सरळ.' पुस्तक मागितलं तर व्याकरणाचं दिलं.

दुपारी नर्सबाईंचा फोन आला, पडद्यावरचा. मी बोलत होते तर वन्सं दारात. 'ही कोण? दिसते कशी?' मी ओळख करून दिली. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला तो पाऊण तास परत दिलाच नाही! स्वतःचा गुडघा, मग नर्सबाईंचं गाव, मग 'तुमच्याकडे पुस्तकं पोचतात का?' फोन गरम झाला होता.

मग खिडकीतून बराच वेळ टेकडीकडे बघत राहिल्या. 'एवढी हुशार बाई, आणि एकटी तिथे. ती परात नसली तर तिचं काय होणार?'

'डॉक्टर दिसणार नाहीत.'

'मग लावा.' आणि लगेच, 'पण कुंडी भरून द्यायची.'

मी उशीत तोंड खुपसून हसले. पाठ सरळ न ठेवता!

२० मार्च, गुरुवार



दुपारी वन्सं माझ्या खाटेशी खुर्ची घेऊन मटार सोलत बसल्या. अर्धा मलाही दिला.  मग मध्येच म्हणाल्या, 'हे सगळं करतेस कशाला गं? लोकांच्या शिव्या खायला?'

मी सांगितलं. सासूबाई गेल्या त्या दिवसांचं. मेलेल्या फोनचं. दूधगाडीवाल्याचं. 'पुन्हा कुणाला चिठ्ठीवर अवलंबून राहायला लागू नये म्हणून.'

त्या सोलायच्या थांबल्या.

'चिठ्ठी मला मिळाली होती.'

'हो, पण उशिरा —'

'उशिरा नाही. त्याच दिवशी. सकाळी नऊला.'

मला कळेचना.

'पिशवी भरली. थांब्यावर गेले. गाडी आली. लोक चढले. माझा पाय उचललाच नाही. दुसरी आली, तेव्हाही नाही. आईला तसं बघायचं नव्हतं मला. घाबरले मी. संध्याकाळपर्यंत तिथे बाकावर बसून होते.' आवाज अगदी हजेरी घेतल्यासारखा, एकसारखा. 'दुसऱ्या दिवशी आले तर जो तो विचारतो, उशीर का झाला? तोंडातून तुझं नाव गेलं. गेलं ते गेलं. मुख्याध्यापिका होते. मुलांच्या चुका दाखवायची सवय, स्वतःची कबूल करायची नाही.'

अकरा वर्षं! लोक माझ्याकडे कसे बघायचे. मी स्वतः किती वेळा मनात हिशेब केला — अजून एक तास आधी चिठ्ठी दिली असती तर?

मटाराची वाटी बाजूला ठेवून मी म्हटलं, 'वन्सं, पाय बरा असता ना, तर आत्ता उठून निघून गेले असते.'

'ठाऊक आहे,' त्या म्हणाल्या. 'म्हणूनच आज सांगितलं.'

२१ मार्च, शुक्रवार

बोलले नाही.

दुपारीही नाही. वाटी समोर ठेवली, घेतली. पडदे ओढले, ओढू दिले.

संध्याकाळी बोलावंच लागलं. मटारात मीठ तिप्पट पडलेलं. 'वन्सं, हे तुम्ही खाऊन बघितलंत का?' त्यांनी बघितलं. तोंड असं केलं, की मला हसू फुटलं. मग त्यांनाही. मग त्या रडल्या. ताठ बसून, रुमाल नीट घडी करून. मी खाटेवरून हात पुढे केला, पोचेना. मग त्यांनीच खुर्ची सरकवली.

'ह्यांना तुम्हीच सांगायचं,' मी म्हटलं. 'मी नाही सांगणार.'

'रविवारी सांगते. तो येईलच केस कापायला.'

म्हणजे त्यांनाही माहीत आहे!

२३ मार्च, रविवार

आज जोडणी बदलली! आणि मी कुठे? खाटेवर!

खारूताई सकाळी आठला गच्चीवर. मास्तर खाली अंगणात वहीत वेळ टिपत. एक जण टाकीवर, एक वरच्या वस्तीत. मी खिडकीतून ओरडतेय, 'आधी वरचा बोल्ट! निळी केबल आधी!' तिसऱ्या आरोळीला वन्संनी येऊन खिडकी लावून घेतली. 'परीक्षा चालू असताना शिक्षकानं उत्तरं सांगायची नसतात. करू दे त्यांना.'

मुकाट्यानं पडून राहिले. नखं खाल्ली. दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवरचं जाळं गेलं. दोनशे चाळीस घरं गप्प. एक मिनिट. दोन. सहा! सातव्या मिनिटाला फोन वाजला. नर्सबाई. पडद्यावर त्यांचं नाकच भलंमोठं. 'दिसतेय का मी? काकू, पूर्वीपेक्षा लख्ख दिसताय हो!'

वरून खारूताईची किंकाळी, खाली मास्तरांनी टेबल नाही म्हणून पाण्याची बादलीच ठोकली.

हे आले तेव्हा गलका ओसरला होता. वन्सं त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटलं. अर्ध्या तासानं हे बाहेर आले ते माझ्या पायाशी बसले आणि माझा बरा पाय हातात धरून राहिले. दुखरा नव्हे, बरा. बोलले फक्त एवढंच — 'तू कधी बोलली नाहीस.' पाव तसाच राहिला पिशवीत.

३१ मार्च, सोमवार

टाकी पडली. सगळं गाव बघायला. अकरा वाजता 'धडाम' आणि धुळीचा ढग. सगळ्यांनी आधी वर न बघता हातातला फोन बघितला. चालू! एका आवाजात टाळ्या.

मी काठी टेकत गेले होते. काठी वन्संची.

५ एप्रिल, शनिवार

तक्रारींचा फोन माझा पाय दुखत होता तेव्हा तात्पुरता वन्संकडे दिला होता. आता परत देत नाहीत! आणि गंमत म्हणजे तक्रारी निम्म्यावर आल्या. आज कानांनी ऐकलं: 'बंद आहे? बटण दाबलंत? नाही? मग जाळं बंद नाही, तुमचं लक्ष बंद आहे. दाबा. मी थांबते.' बेकरीसमोरचा शिंपी म्हणाला, 'वहिनी, फोन करायच्या आधी आता आम्ही तीनदा तपासतो. त्यांचा धाक!'

गच्चीवर कावळा बसला तरी नोंद करतात. वार, वेळ, कावळ्याचा रोख कुठे.

८ एप्रिल, मंगळवार

वरच्या वस्तीत मुलगी झाली! आडवी होती म्हणे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून सांगत होत्या, नर्सबाईंचे हात करत होते. दोन तास. दोघीही सुखरूप.

नर्सबाईंनी आधी मला नाही, वन्संना कळवलं. मला कळायच्या आत गावभर झालं होतं.

१० एप्रिल, गुरुवार

तलावापलीकडून तीन बायका आल्या. तिघी नावाडी, हाताला घट्टे. त्यांच्या बेटावर ना फोन ना इंटरनेट. आमचं जाळं बघायला म्हणून पूर्ण दिवसाचा प्रवास करून आल्या, आणि वन्संनी त्यांना ठेवूनच घेतलं. दिवसभर गच्चीवर. काय काय विचारलं! मोठी म्हणाली, 'तुम्ही वर्षभर या आमच्याकडे. शिकवा. मग आमचं आम्ही सांभाळू.'

मी हसून म्हटलं, 'इथलं कोण बघणार?'

बोलून गेले खरी. मग दुकानात बसून विचार केला: मी जिन्यात पडल्यापासून माझ्यावाचून काय अडलं? जोडणी झाली. तक्रारी कमी झाल्या. बाळ जन्मलं. आठवून आठवून एक गोष्ट सापडेना!

आधी वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, बरंच वाईट वाटलं.

मग वाटलं, अगं वेडे, हेच तर हवं होतं ना!

११ एप्रिल, शुक्रवार

ह्यांच्यापाशी विषय काढला. म्हणाले, 'जायचं असेल तर जा. मी पाव पाठवत जाईन.' मी म्हटलं, छे, या वयात कुठे. पाठ वळवली.

१३ एप्रिल, रविवार

परत निघालेल्या त्या तिघींबरोबर वन्संनी बेटावर उत्तर धाडून दिलं! माझ्या नावानं, मला न विचारता, एका बोटानं स्वतः टाइप करून, कागदावर छापून. व्याकरणाची एक चूक नाही.

'पुढच्या महिन्यात येत आहोत. खाटा दोन लागतील. खिडकीजवळची माझ्या नणंदेची.'

भांडायला म्हणून गेले. मास्तर आणि खारूताई तिथेच, जाळ्याची वही आणि किल्ल्या ताब्यात घ्यायला. वन्सं माझ्यासाठी बूट निवडत होत्या — नावेत न घसरणारे.

मी जातेय. लिहून बघितलं. खरं वाटतंय.